कोकण किनाऱ्यावर राहण्या-फिरण्यासाठी जुनी मोटर यॉट कशी निवडावी

समुद्रावर राहायचे आणि बंदरे-खाड्या हिंडायच्या या ओढीने जुनी मोटर यॉट घ्यायला निघालेली माणसे बहुधा आधी विक्रीची छायाचित्रे पाहतात, एखादी केबिन मनात भरते, आणि ती बोट ठेवायची कुठे हा प्रश्न विसार देऊन झाल्यावर उभा राहतो. आपल्या किनाऱ्यावर हा क्रम उलटा करावा लागतो. घरालगत गाडी लावावी तशी बोट लावून तिला वीज आणि पाण्याची नळी जोडता येईल, अशी सोय आपल्या बहुतेक खाड्यांमध्ये नाही. म्हणून बोट कोणत्या खाडीत राहणार, तिथे ती आत-बाहेर कशी करणार आणि पावसाळा कुठे काढणार, हे ठरल्याखेरीज एकही बोट पाहायला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका निर्णयावर उभ्या आहेत.

पहिली पायरी : पावसाळ्याची जागा आणि खाडीचे तोंड

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून होड्या पुन्हा समुद्राकडे वळतात. यॉटसाठी मात्र मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतचा काळ बंदच धरावा. या काळात बोट एक तर जमिनीवर ओढून, आधार देऊन आणि नीट शाकारून ठेवावी लागते, नाही तर खाडीत बरेच आत, चिखलाच्या तळावर, भक्कम बोयाला बांधून आणि रोज पाहणारा माणूस नेमून ठेवावी लागते. पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना वादळाचे दिवसही असतात. नोव्हेंबर २००९ मधले फयान, जून २०२० मधले निसर्ग आणि मे २०२१ मधले तौक्ते ज्यांनी किनाऱ्यावर अनुभवले, त्यांना उघड्या बंदरात नांगरावर बोट सोडून गावी जाणे म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

जागा निवडताना तिथल्या तांडेलांना, म्हणजे मच्छीमार होड्यांच्या प्रमुखांना, दोन गोष्टी विचाराव्यात: तळ चिखलाचा आहे की खडकाचा, आणि खाडीच्या तोंडाशी निखळ ओहोटीला पाणी किती उरते. सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, वाघोटन या नद्या समुद्राला मिळतात तिथे वाळू साचते आणि पावसाळ्यानंतर ती वाळू थोडी सरकलेली असते, त्यामुळे नकाशावरची वाट दरवर्षी तशीच राहील असे समजता येत नाही. आपण स्वतः मोजणे उत्तम. अमावास्येच्या किंवा पौर्णिमेच्या उधाणात एखादी लहान होडी भाड्याने घ्यावी, ओहोटीच्या वेळी खाडीच्या तोंडाशी जावे, आणि हात-हात अंतरावर गाठी मारलेल्या दोरीला शिसे बांधून पाणी मोजत यावे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या बाजूला भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते, म्हणजे ओहोटी पहाटे-संध्याकाळी सहाच्या आसपास मिळते. दिवसातल्या दोन्ही ओहोट्या सारख्या नसतात. त्यातली खालची कोणती ते भरती-ओहोटीच्या तक्त्यात पाहून तीच निवडावी.

या मोजणीतून बोटीचे पहिले माप मिळते, ते म्हणजे बोट किती पाणी घेते. यालाच ड्राफ्ट म्हणतात. मुंबईला उधाणात भरती-ओहोटीतला फरक चार मीटरहून अधिक असतो आणि दक्षिणेला जाता जाता तो कमी होत मालवणकडे दोन मीटरच्या आसपास येतो. त्यामुळे रायगडच्या खाड्यांत भरतीवर आत शिरणारी खोल बोट सिंधुदुर्गात तेवढी सहज शिरत नाही. माझ्या अनुभवाने १.२ मीटरपर्यंत पाणी घेणारी बोट आपल्या जवळजवळ सगळ्या खाड्यांत भरतीच्या वेळी निश्चिंत नेता येते, १.५ मीटरच्या पुढे गेलात की दिवस आणि तास मोजून प्रवास करावा लागतो आणि वाऱ्याने घाई केली तर थांबायला जागा उरत नाही. बोटीची पाण्यावरची उंचीही याच वेळी लिहून घ्यावी. रत्नागिरीजवळच्या भाट्ये खाडीसारख्या ठिकाणी पुलामुळे उंच बोटीचा आतला मार्ग बंद होतो. भरतीवर खोली वाढते तेवढीच पुलाखालची जागा घटते, हे हिशेब करताना अनेकजण विसरतात.

आणखी एक गोष्ट, जिला मी फार किंमत देतो. आपले मच्छीमार उधाणात होडी किनाऱ्यावर आणतात, ओहोटीला ती सुकते, आणि पुढची भरती येईपर्यंत बूड खरवडून, रंग लावून मोकळे होतात. ज्या यॉटचे पठाण, म्हणजे बुडाखालचा कणा, लांब, सरळ आणि मजबूत आहे, ती बोट धक्क्याला टेकवून अशी सुकवता येते. मोठी बोट उचलायला क्रेन किंवा ट्रॉली दर बंदरात मिळत नाही, म्हणून हा गुण इथे चैनीचा नसून वर्षानुवर्षे पैसे वाचवणारा आहे.

दुसरी पायरी : वेग आणि इंधन यांचा हिशेब

मोटर यॉटचे ढोबळ दोन प्रकार असतात. एक पाणी कापत संथ जाणारी, आणि दुसरी वेग घेतल्यावर बूड उचलून पाण्यावर घसरत जाणारी. पहिलीच्या वेगाला निसर्गानेच मर्यादा घातलेली आहे: पाण्यालगतच्या लांबीचे फुटांमधले वर्गमूळ काढून त्याला १.३४ ने गुणले की नॉटमधला (तासाला एक सागरी मैल म्हणजे एक नॉट) वेग मिळतो. पाण्यालगत ३६ फूट लांबी असेल तर वर्गमूळ ६, आणि वेग सुमारे ८ नॉट. याहून जोर लावला तर इंधन जळते, वेग फारसा वाढत नाही.

डिझेल इंजिन प्रत्यक्ष काढलेल्या दर अश्वशक्तीमागे तासाला साधारण पाव लिटरपर्यंत तेल घेते. या आडाख्याने मुंबई ते रत्नागिरी हा सुमारे १२० सागरी मैलांचा प्रवास मोजून पाहा. संथ बोट ५० अश्वशक्ती वापरून ७ नॉटने गेली तर सतरा तासांत जेमतेम २०० लिटर लागतील. तीनशे अश्वशक्तीच्या दोन इंजिनांची बोट पाऊण जोरावर २० नॉटने गेली तर सहा तासांत पोहोचेल, पण तासाला शंभर लिटर या दराने सहाशे लिटर पिऊन पोहोचेल. जिला घर करायचे आहे अशा बोटीसाठी मी संथ बोटच सुचवतो. आपला किनारा तिला अनुकूलही आहे. मुंबईहून सुमारे ४० मैलांवर जंजिऱ्याशेजारची राजपुरी खाडी, तिथून पुढे दाभोळ, जयगड, रत्नागिरी आणि विजयदुर्ग असे टप्पे पडतात, आणि सात नॉटच्या बोटीला त्यातला प्रत्येक टप्पा दिवसाउजेडी उरकता येतो. रात्रीचा प्रवास नवख्याने टाळावाच, कारण जाळ्यांच्या खुंटांवर आणि तरंगत्या बोयांवर दिवा असेलच असे नाही.

जाळ्यांचा विचार करताना बोटीला पाण्याखालून ढकलणाऱ्या पंख्याचा विचार आपोआप येतो. दोन इंजिनांची बोट धक्क्यावर वळवायला सोपी असते आणि एक बंद पडले तर दुसरे असते, हे खरे. परंतु अशा बोटींचे पंखे बहुधा दोन्ही बाजूंना उघडे असतात, आणि रायगडच्या डोल जाळ्यांच्या पट्ट्यात त्यांना दोर गुंडाळायला वेळ लागत नाही. पठाणामागे झाकलेला एकच मोठा पंखा असलेली बोट इथे मला अधिक सुरक्षित वाटते. दोन इंजिनांची बोट मनात पक्की असेल तर शाफ्टवर दोर कापणारी पाती बसवण्याचा खर्च धरून ठेवावा. प्रवासाला निघताना एक तृतीयांश तेल जायला, एक तृतीयांश यायला आणि एक तृतीयांश राखीव, हा जुना नियम टाकीचे माप पाहतानाच लावावा.

युरोपातून आलेल्या बोटीवर अ, ब, क, ड अशा अर्थाची इंग्रजी वर्णमालेतली एक श्रेणी पाटीवर असते. त्यातली दुसरी श्रेणी वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्युफर्ट मापाच्या ८ अंकापर्यंतचा वारा आणि चार मीटरपर्यंतच्या लाटा गृहीत धरून बांधलेल्या बोटींना मिळते. कोकणात फिरायला निदान ही श्रेणी असावी. तिसरी श्रेणी ६ अंकाचा वारा आणि दोन मीटरच्या लाटांपर्यंतच असते. अशी बोट खाडीत शोभते, मोकळ्या समुद्रात दुपारचे खारे वारे चढले की तिच्यावर राहणाऱ्याचे हाल होतात.

तिसरी पायरी : कागद आधी, प्रवास नंतर

बोट पाहायला जाण्याआधी कागदांच्या प्रती मागवाव्यात. नोंदणी कुठे आहे, महाराष्ट्र सागरी मंडळाकडे की मर्कंटाइल मरीन डिपार्टमेंटकडे. शेवटची तपासणी कधी झाली. विमा चालू आहे का. बँकेचा बोजा आहे का. बंदराची देणी थकली आहेत का, हे सगळे लेखी असावे. बोट परदेशी बांधणीची असेल तर सीमाशुल्क भरल्याची बिल ऑफ एंट्री हवीच. ती नसेल तर किंमत कितीही कमी असली तरी मी पुढचे बोलणे थांबवतो, कारण ते शुल्क नंतर आपल्या गळ्यात पडू शकते. बोटीच्या पिछाडीवर उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक आणि इंजिनावरच्या पाटीचा क्रमांक कागदांशी जुळवून पाहावा.

२६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातले दहशतवादी समुद्रमार्गे आले, आणि तेव्हापासून किनाऱ्यावरच्या प्रत्येक अनोळखी बोटीची चौकशी होते. ती होणे योग्यच आहे. म्हणून नोंदणी क्रमांक ठळक रंगवलेला, कागद हाताशी आणि बोटीवरच्या प्रत्येकाचे ओळखपत्र सोबत, अशी सवय लावावी. जुन्या परदेशी यॉटवर कधीकधी आधीच्या मालकाचा सॅटेलाइट फोन कपाटात राहून गेलेला असतो. परवान्याशिवाय असा फोन बाळगणे भारतात गुन्हा आहे, त्यामुळे ताबा घेण्यापूर्वी तो विक्रेत्याकडून काढून घ्यायला लावावा. बोटीवरून बोलण्याच्या व्हीएचएफ रेडिओलाही परवाना लागतो आणि संकटसूचक बीकनची नोंदणी नव्या मालकाच्या नावावर करावी लागते.

चौथी पायरी : स्वतःची पहिली पाहणी

तज्ज्ञाला पैसे देण्याआधी एक दिवस स्वतः बोटीवर घालवावा आणि आदल्या दिवशी विक्रेत्याला सांगून ठेवावे की इंजिन सुरू करू नका. थंड इंजिन पहिल्या फेऱ्यातच बरेच काही सांगते, गरम करून ठेवलेले इंजिन तेच लपवते.

आत शिरल्यावर आधी वास घ्यावा. कुबट वास म्हणजे कुठून तरी पावसाचे पाणी झिरपते आहे. डिझेलचा वास टाकी किंवा नळीकडे नेतो, आणि घाणीचा वास शौचालयाच्या नळ्यांकडे. मग पायाखालच्या फळ्या उचलून बिल्ज, म्हणजे बुडातली पाणी साचणारी पोकळी, पाहावे. तिथले पाणी गोडे की खारे हे बोटाने चाखून कळते, आणि त्यावर तेलाची साय असेल तर ते का, याचे उत्तर मिळेपर्यंत खिडक्यांच्या पडद्यांकडे पाहूही नये. खिडक्यांखालच्या लाकडावर आणि डेकवर बसवलेल्या कड्यांभोवती अंगठ्याने दाबून पाहावे. डेकवर पाय पडताना लवचिक, पोकळ वाटले तर फायबरच्या दोन थरांमधले लाकूड कुजलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि ते काम बाहेरून दिसते त्याच्या अनेक पट खर्चाचे निघते.

बांधणीबाबत थोडक्यात सांगतो. नवख्याने फायबरची बोट घ्यावी. लाकडी बोट कोकणात दुरुस्त करणारे हात अजून आहेत, पण आपल्या कोमट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा स्वस्थ बसत नाही. लाकडावर बाहेरून फायबर चढवलेली बोट तर टाळावीच, कारण आत काय कुजले आहे ते दिसत नाही. पोलादी बोट दणकट असते. तिचा पत्रा कुठे किती उरला आहे हे यंत्राने मोजल्याशिवाय घेऊ नये.

याच भेटीत राहण्याच्या सोयी पाहाव्यात, आणि त्या आपल्या हवेच्या नजरेने पाहाव्यात. थंड देशांसाठी बांधलेल्या अनेक यॉटच्या खिडक्या उघडतच नाहीत. एप्रिलमध्ये अशी केबिन रात्रभर एसी लावल्याशिवाय झोपण्याजोगी राहत नाही, एक टनाचा एसी आठ तास चालला तर आठ युनिटच्या आसपास वीज घेतो, आणि एक किलोवॉटचे सौर पॅनेल दिवसाला साधारण चारच युनिट देते. उरलेली वीज जनरेटरने काढावी लागते, म्हणजे रात्रभर आवाज आणि धूर. त्याऐवजी नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, उघडणारे मोठे झाकण, दोन्ही बाजूंच्या उघडणाऱ्या खिडक्या, त्यांना मच्छरदाणी आणि डेकभर ताडपत्रीची सावली असलेली साधी बोट घ्यावी. नांगरावरची बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी राहते, त्यामुळे रात्री उशिरा जमिनीवरून मतलई वारा सुटला की नाळेचे झाकण उघडे ठेवणाऱ्याला पहाटे पांघरूण शोधावे लागते.

बोट अमेरिकन बनावटीची असेल तर वीज ११०–१२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झची असू शकते. आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच्या धक्क्यावरच्या विजेला ती थेट जोडता येत नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्याने गळला तर बिल्जमध्ये उतरून साठतो. सिलिंडरचा कप्पा केबिनपासून वेगळा असावा, त्याच्या तळाला थेट समुद्राकडे उघडणारे भोक असावे, आणि त्यात आपला पाच किलोचा सिलिंडर उभा मावतो का ते पट्टीने मोजून घ्यावे. पाण्याचे बोलायचे तर माणशी दिवसाला वीस लिटर धरले आणि दोघांना दहा दिवस हवे असतील तर चारशे लिटरची टाकी लागते. खाऱ्या पाण्याचे गोडे करणारे यंत्र असले तरी त्यावर विसंबू नये. खाडीच्या गढूळ पाण्यात त्याच्या गाळण्या लगेच तुंबतात, ते मोकळ्या समुद्रातच चालवावे लागते.

पाचवी पायरी : सर्व्हेयर, बूड आणि इंजिन

स्वतःच्या पाहणीतून उतरलेल्या बोटीसाठीच सर्व्हेयर, म्हणजे बोट तपासणारा तज्ज्ञ, बोलवावा, आणि तो आपण नेमावा. विक्रेत्याने किंवा दलालाने सुचवलेला माणूस कितीही चांगला असला तरी त्याचा अहवाल आपल्यासाठी लिहिलेला नसतो. विसार देताना करारात एक वाक्य लिहून घ्यावे: पाहणीत आणि चाचणीत बोट समाधानकारक ठरली नाही तर विसार पूर्ण परत मिळेल.

बोट पाण्याबाहेर काढल्याशिवाय सर्व्हे पूर्ण होत नाही. बूड धुऊन झाल्यावर सर्व्हेयर प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत जातो. चांगला फायबर टणक आवाज देतो, थर सुटलेला भाग बद्द वाजतो. फोड दिसले तर फोडून पाहावे, आत आंबट वासाचे पाणी निघाले तर फायबरमध्ये पाणी मुरले आहे. थोडे फोड हे बोट नाकारण्याचे कारण नाही, किंमत कमी करण्याचे आहे. शाफ्ट हाताने हलवून बेअरिंग किती सैल आहे ते पाहावे, सुकाणूचेही तसेच. बुडाचे धातूचे भाग वाचावेत म्हणून बसवलेले, स्वतः झिजणारे जस्ताचे तुकडे पूर्ण झिजलेले असतील तर देखभालीत हयगय झाली आहे, आणि ते बसवून वर्ष झाले तरी कोरे करकरीत असतील तर ते आपले कामच करत नाहीत. पाण्याखालचे प्रत्येक झडप उघडून-बंद करून पाहावे. अडकलेले एक झडप बोट बुडवायला पुरे असते.

इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक लागतो. किती तास चालले या आकड्यापेक्षा ते नियमित चालले का, याला मी महत्त्व देतो; तीन वर्षे न हललेले कमी तासांचे इंजिन खारट हवेत आतून गंजलेले असते. थंड इंजिन सुरू केल्यावर धूर पाहावा. काळा धूर टिकून राहिला तर इंजिनावर बोजा जास्त आहे किंवा हवा पुरत नाही, निळा असेल तर ऑइल जळते आहे, पांढरा असेल तर डिझेल अर्धवट जळते आहे किंवा आत पाणी शिरते आहे. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. त्यात बरेच सोडियम सापडले तर कुलर गळून समुद्राचे पाणी इंजिनात पोहोचले असण्याची शक्यता असते. एक्झॉस्टचा कोपरा, पाण्याच्या पंपातले रबरी चाक आणि हीट एक्स्चेंजर या तीन भागांची शेवटची बदली कधी झाली, ते बिलासह विचारावे.

समुद्रातली चाचणी निदान दोन तासांची असावी आणि शेवटची दहा मिनिटे इंजिन पूर्ण जोरावर न्यावे. कंपनीने सांगितलेले फेरे गाठले नाहीत तर बूड शेवाळले आहे, पंखा चुकीच्या मापाचा आहे किंवा इंजिन थकले आहे. तिन्हींपैकी काय ते ठरेपर्यंत उरलेले पैसे देऊ नयेत. इंजिनाच्या बनावटीबाबत एक स्थानिक गोष्ट सांगतो. आपल्या ट्रॉलरवर अशोक लेलँडसारखी इंजिने सर्रास असतात आणि त्यांचे सुटे भाग व जाणते हात मच्छीमार बंदरांत मिळतात. परदेशी बनावटीच्या दुर्मीळ इंजिनाचा एखादा सेन्सर यायला महिना लागला तर ऐन हंगाम धक्क्यावर जातो.

सहावी पायरी : किंमत आणि पहिला हंगाम

सर्व्हेच्या अहवालातल्या प्रत्येक दोषापुढे दुरुस्तीचा खर्च लिहावा आणि ती बेरीज घेऊन किमतीचे बोलणे करावे. हातातला सगळा पैसा खरेदीत घालू नये. बोटीच्या किमतीचा सुमारे दहावा हिस्सा दरवर्षी देखभालीला लागतो, असा खलाशांचा रूढ आडाखा आहे, आणि जुन्या बोटीच्या पहिल्या वर्षी त्याहून जास्त लागतो असे धरावे. बॅटऱ्या, नळ्या, नांगराची साखळी आणि लाइफ जॅकेट ही पहिल्या वर्षाची कामे समजावीत. संकटात इशारा देण्यासाठी पेटवायच्या नळकांड्यांवर (फ्लेअर) मुदत छापलेली असते. संपलेली असल्यास नवीनच घ्यावीत.

बोट ताब्यात आली की लगेच गोव्याला निघू नये. ऑक्टोबरअखेर समुद्र शांत झाला की पहिला महिना आपल्याच खाडीत नांगरावर राहावे, एखाद्या अनुभवी तांडेलाला सोबत घेऊन खाडीचे तोंड भरतीवर आणि ओहोटीवर दोन्ही वेळा ओलांडावे, आणि प्रत्येक वेळी खोलीचा आकडा वहीत नोंदवावा. व्हीएचएफ सोळाव्या वाहिनीवर ठेवावा आणि तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक चाकाशेजारी रंगाने लिहून ठेवावा. मालवणला जायचे ठरले तर सिंधुदुर्गाभोवतीच्या खडकांतून पहिल्यांदा शिरताना सूर्य डोक्यावर असावा, पाणी चढते असावे आणि वाट जाणणारा मालवणी माणूस नाळेवर उभा असावा. मार्च उजाडला की क्रेनवाल्याला किंवा ट्रॉलीवाल्याला बोटीचे वजन, रुंदी आणि तिने घेतलेले पाणी कळवून मेच्या पहिल्या पंधरवड्यातली भरतीची तारीख आणि वेळ ठरवून घ्यावी, कारण त्या दिवसांत किनाऱ्यावरच्या सगळ्याच होड्या वर यायला निघालेल्या असतात.